सहा तारांवरची वरात

मला संगीतातलं काही कळत नाही. रेडिओ लावता येतो आणि बंद करता येतो, एवढीच माझी तालीम. तरीही चौगुले सरांबद्दल लिहायचं तर ते मलाच लिहायला हवं. जवळजवळ दोन वर्षं दर रविवारी सकाळी त्यांची गिटार माझ्या स्कूटरवरून हिंडली आहे, आणि कोल्हापुरातली ज्यांना संगीत कळतं ती मंडळी त्या काळात सरांपासून चार हात लांब राहत होती.

आमच्या ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवायचे आणि सर अकाउंट्स. त्यांचं गाव शाहूवाडीकडचं. अंगापिंडानं पैलवान, आवाज या बांधावरून त्या बांधावर जाईल असा, आणि मिशा अशा की गिटार वाजवणारा माणूस म्हणून ओळख करून दिली तर समोरचा आधी हसायचा. त्यात उजव्या हाताची नखं लांब. डाव्या हाताची मुळापासून कापलेली. गावाकडे गेले की चुलतभाऊ म्हणायचे, "हात बायकोचा आणि मिशा आमच्या, असं कसं रं तुझं?" सर शांतपणे सांगायचे की तारा नखानं छेडाव्या लागतात. त्यावर चुलतभाऊ म्हणायचा, "मग कोंबडा पाळ की."

ही नखं म्हणजे सरांच्या घरातलं एक नाजूक दुखणं होतं. एखादं तुटलं की सर टेबल टेनिसचा चेंडू कापून त्याचा नखाएवढा तुकडा गोंदानं बोटावर चिकटवायचे. आमचे खेळाचे सर वर्षभर हैराण होते, की कॉलेजात टेबल टेनिस कुणी खेळत नाही आणि चेंडू जातात कुठं. नखं टणक राहावीत म्हणून त्यांच्यावर बिनरंगाचं नेलपॉलिश लावावं लागे. ते आणायला सर स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायचे. दुकानदारानं एकदा विचारलं, "पावणं, वहिनींना कुठला रंग दिऊ?" सर भर दुकानात त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "रंग नको, पाण्यासारखं दे. मलाच लावायचंय." दुकानातल्या बायका अजून तो किस्सा सांगतात.

सर बँडची, वाद्यमेळाची मोठमोठी वादनं घ्यायचे आणि ती एकट्या गिटारवर बसवायचे. दहा माणसांचं काम एका माणसाच्या दोन हातांत आणायचं. अंगठा खालचे जाड सूर सांभाळणार, मधली बोटं मधलं भरणार, शेवटचं बोट वरची चाल काढणार. हे मला त्यांनी स्टाफरूममध्ये इतक्या वेळा समजावलं होतं, की मी ते वर्गात नद्यांच्या ऐवजी शिकवू शकले असते. त्यातून त्यांना एक सवय लागली होती. कशातही त्यांना खालचा सूर ऐकू यायला हवा असे. स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्य तावातावानं बोलत असताना सर माझ्या कानाशी कुजबुजायचे, "मॅडम, वरची चाल बरी हाय, पण खाली बेसच न्हाय." आणि खरंच, प्राचार्यांच्या बोलण्याला खाली काही नसायचं.

त्यांचा दुसरा नाद म्हणजे चालीखालचे कॉर्ड बदलणं. तीन-चार सूर एकदम वाजवले की त्याला कॉर्ड म्हणतात, हे मला पाठ झालं आहे. चाल तीच ठेवायची, एकही सूर हलवायचा नाही, फक्त तिच्या खालचे कॉर्ड दुसरे घालायचे. "म्हणजे नेमकं काय होतं?" असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, "मॅडम, चाल म्हणजे माणूस. कॉर्ड म्हणजे तो जिथं उभा हाय ती जागा. तोच माणूस मांडवात उभा केला तर येगळा दिसतो, दवाखान्यात उभा केला तर येगळा दिसतो. माणूस त्योच की."

हे मला गडहिंग्लजला प्रत्यक्ष दिसलं. सरांच्या थोरल्या बहिणीचं सासर तिथलं. भाच्याच्या साखरपुड्याला स्टाफमधले आम्ही सगळे एक गाडी करून गेलो होतो. सरांनी गिटारवर एक सनईची जुनी आनंदी धून वाजवायचं कबूल केलं होतं, लहानपणापासून सगळ्यांच्या कानावरची. पण आठवडाभर त्यांनी तिच्या खालचे कॉर्ड बदलत बदलत तिला पार कुठल्या कुठं नेऊन ठेवलं होतं. वाजवायला सुरुवात झाली. आधी मुलीच्या मावशीनं डोळ्याला पदर लावला. मग तिच्या शेजारणीनं. मग नवऱ्यामुलाच्या आजीला कै. आजोबा आठवले आणि तिनं मोठ्यानं हंबरडा फोडला. जिलेबी वाढणारा पोरगा हातातलं ताट घेऊन जागच्या जागी थांबला. तेवढ्यात उशिरा आलेले एक पाहुणे दारात चपला काढून, हात जोडून, मान खाली घालून माझ्या शेजारी येऊन बसले आणि हळूच विचारते झाले, "कोण गेलं?"

"कुणी नाही हो, साखरपुडा आहे," मी म्हणाले.

"मग ह्यो पावणा असा का वाजवायलाय?"

परतीच्या वाटेवर सर भलतेच खुशीत होते. "मॅडम, बघितलासा न्हवं? एक सूर हलवला न्हाई. नुसती जागा बदलली." पलीकडच्या सीटवरून त्यांची बायको सुमनवहिनी म्हणाल्या, "आता आपलीबी जागा बदलली. अक्का परत दारात उभं करून घेणार न्हाईत." ते मात्र खरं झालं. पुढच्या दिवाळीला त्या अक्कांकडून फराळ आला नाही.

आता दत्तू मास्तरांकडे येते, कारण सरांचा सगळा जीव तिथं अडकला होता.

मलकापूरला एक ब्रास बँड होता. दत्तू मास्तर त्याचे मास्तर, क्लॅरिनेट वाजवायचे. त्या डोंगरी भागातली लग्नं त्यांच्या बँडशिवाय लागत नसत. मास्तरांनी स्वतः एक वरातीची धून रचली होती. शब्द नाहीत, नुसती वाद्यं. वरात मांडवातून निघाली की सुरू व्हायची आणि नवऱ्याच्या दारात पोचली की संपायची. वाट कितीही लांब असो, तेवढी ती ताणता यायची, म्हणून लोक तिला मास्तरांची लांबडी म्हणायचे. तीत चढ लागला की एक तुकडा, चावडीचं वळण आलं की दुसरा, पाहुण्यांना नाचायचं असलं की तिसरा. मग डॉल्बी आला. एका ट्रॅक्टरवर चार भिंतींएवढे स्पीकर उभे राहिल्यावर दहा माणसांच्या फुंकण्याला कोण विचारतो? बँड मोडला. ट्रंपेटवाला हिंदुराव वारला. मोठा पितळी भोंगा वाजवणारा तुकाराम पुण्याला मुलाकडे गेला. लांबडी कुणी कधी रेकॉर्ड केली नव्हती, कारण त्या काळी खिशात फोन घेऊन कुणी वरातीत नाचत नसे.

सरांनी ती आपल्या बहिणीच्या वरातीत ऐकली होती आणि पुढं कितीतरी लग्नांत. आता ती अख्खी अशी फक्त दोन डोक्यांत शिल्लक होती, त्यातलं एक डोकं ऐंशीच्या पुढचं, आणि त्या डोक्याखालची छाती सारखी धापा टाकणारी. सरांनी ठरवलं, लांबडी गिटारवर बसवायची आणि मास्तरांना ऐकवायची. मास्तरांनी एकदा म्हणावं, "व्हय, ही माझी." बाकी काही नको होतं. माणसानं इतकं साधं मागावं आणि ते इतकं अवघड असावं, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मास्तर तेव्हा फुलेवाडीत लेकीकडे राहत. सरांनी मोटरसायकल चालवणं सोडलं होतं, कारण क्लच दाबून डावा हात थकतो. म्हणून ही कामगिरी माझ्याकडे आली. एका परपुरुषाला मागं बसवून दर रविवारी गावातून न्यायचं म्हणजे मी आधी घरी विचारलं. नवऱ्यानं पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "मध्ये गिटार ठेवा म्हणजे झालं." सुमनवहिनींचं म्हणणं आणखी सोपं होतं. "न्या हो तुम्हीच. दोन तास तरी घरात शांतता."

मास्तर बाहेरच्या खोलीत खाटेवर बसलेले असायचे. उजवा कान गेलेला, म्हणून सरांनी डावीकडे बसायचं. तोंडात दात एक नाही. क्लॅरिनेट फुंकायला दात लागतात हे मला तिथं समजलं. वाद्य त्यांनी कधीच पुतण्याला देऊन टाकलं होतं. पहिल्या रविवारी सरांनी लांबडी वाजवली, घाम पुसला आणि मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागले. मास्तर म्हणाले, "बरं हाय. तुकाराम आज आला न्हाय वाटतं?"

मला वाटलं म्हाताऱ्याचं वय झालं. पण सरांचा चेहरा पडला. भोंग्याची लकेर अवघड होती, ती त्यांनी गुपचूप गाळली होती. पुढच्या रविवारी अंगठ्यावर अख्खा तुकाराम घालून आले. मास्तरांनी ऐकलं आणि म्हणाले, "तुकाराम आला. पर हिंदुराव कुठं हाय? जेवाय बसला काय?" तिसऱ्या खेपेला हिंदुराव आला तर ढोलवाला पळाला. सरांनी मग दोन जाड तारा एकमेकींवर चढवून दाबून धरल्या. त्यातून थेट ढोलाचा तडतडाट निघायला लागला आणि मास्तरांची लेक शोभाताई स्वयंपाकघरातून बघायला आली. मास्तर मात्र म्हणाले, "ह्यो वाजवायला आला, पर झांजवाल्याला घरी ठिवून आला."

असं महिनोन् महिने चाललं. एक माणूस आत आणावा तर दुसरा दारातून बाहेर पडायचा. स्कूटरवर सर सारखं तेच बोलायचे, जणू आम्ही एखाद्या चुकार स्टाफची चर्चा करतोय. "हिंदुरावाला वर ढकलला तर तुकारामाला बोट उरत न्हाई, मॅडम." सिग्नलला शेजारचे रिक्षावाले आमच्याकडे बघायचे. दरम्यान मास्तरांच्याही चुका होतात असं मला वाटायचं. सर ठासून वाजवायचे, मास्तर म्हणायचे तुकाराम न्हाय. सर वैतागून नुसता अंगठा वाजवून दाखवायचे, "ह्यो बघा की तुकाराम!" मास्तर मान हलवायचे. "त्यो तुकाराम न्हवं. त्यो तुकारामाचा भाऊ आसंल."

"म्हणजे कसं?"

"तुकारामाला चढावर दम लागायचा. आर्ध्यात थांबून श्वास घ्यायचा त्यो. तुझा गडी न दमता चढतोय."

सर हे ऐकून उड्या मारायच्या बेतात आले. मला वाटतं आयुष्यात त्यांना इतका आनंद पगारवाढीनंही झाला नसेल. दुसऱ्या दिवशी सुमनवहिनींचा मला फोन. "मॅडम, ह्यांना तुम्ही कुठं घेऊन जाता? सकाळपास्नं धापा टाकत वाजवायलेत. मी बीपीची गोळी दिली तर म्हणतात मला काय झालेलं न्हाय, तुकाराम दमलाय."

खरं भांडण झालं ते कॉर्डवरून. बँडमध्ये सगळे एकच चाल वाजवायचे, खाली तुकारामाचे दोन-तीन सूर, बास. गिटारवर ती चाल उघडीबोडकी वाटायला लागली म्हणून सरांनी तिच्याखाली आपले कॉर्ड घातले. मास्तर दोन मिनिटं ऐकून भडकले. "आरं, वरात हाय का कोर्टाची तारीख? माझ्या चालीखाली ह्ये काय आणून घातलंस?" सरांनी बाजू मांडली. मास्तरांनी ती ऐकलीच नाही, कारण सर चुकून उजव्या कानाकडे वळून बोलत होते. शेवटी एकेक कॉर्ड काढून टाकणं सुरू झालं. सर हट्टानं एका जागी अडले. वरात नवऱ्याच्या गल्लीत वळते आणि नवरी ते घर पहिल्यांदा बघते, त्या जागेवरचा एक कॉर्ड. तेवढा ते काढेनात. तो त्यांनी एकटाच, सावकाश, पुन्हा वाजवला. शोभाताई पदराशी चाळा करत बसली होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. मग म्हणाले, "त्यो राहू दे."

त्यानंतर दोन महिन्यांत सरांनी सगळा बँड आणून उभा केला. तुकाराम दमत होता, हिंदुराव ओरडत होता, ढोल, झांजा, नाचणाऱ्या पाहुण्यांचा तुकडा, सगळं. सरांची बोटं बघवत नव्हती, इतकी ती तारांवरून पळत होती. मला काही कळत नसलं तरी मी टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "सगळी आल्यात."

सर पुढं झुकले.

"पर मलकापूरची शेवटची एस्टी झालीया. कुणाला हलाय जागा न्हाय."

परतताना रंकाळ्यावर मी मुद्दाम भेळेच्या गाडीपाशी थांबले, तरी सर खाली उतरले नाहीत. मला मास्तरांचा फार राग आला. दोन वर्षं माणूस झिजतोय, एकदा हो म्हणायला काय जातं? पुढचे तीन रविवार सरांनी मला फोन केला नाही. कॉलेजात भेटले तरी बेसबद्दल काही बोलत नव्हते, आणि प्राचार्यांनी त्या आठवड्यांत बोलून बोलून कहर केला होता.

मग शोभाताईचा फोन आला. मास्तर दवाखान्यात चार दिवस राहून घरी आले होते. छाती फार बिघडली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की जास्त बोलू देऊ नका. "पर रोज इचारत्यात," ती म्हणाली, "त्यो गिटारवाला दमला काय म्हणून."

मी ते सरांना जसंच्या तसं सांगितलं. त्या रविवारी सकाळी सात वाजताच ते गिटार घेऊन माझ्या फाटकात उभे. वाटेत म्हणाले, "मॅडम, मी एक माणूस कमी केलाय."

"कुणाला काढलंत? ढोलवाला?"

"मास्तरांना."

मी स्कूटर बाजूला घेतली. "अहो, क्लॅरिनेटच काढलंत? म्हणजे चालच नाही? मग वाजवणार काय?"

"बाकी सगळी हायत की," सर म्हणाले. "आता जागाबी झालीय."

मला वाटलं, सरांचं डोकं फिरलं. आजारी म्हाताऱ्याला त्याचीच धून, त्याच्याशिवाय ऐकवायची! पण गिटार मध्ये होती आणि मागे वळून भांडता येत नव्हतं, म्हणून मी गाडी पुढं काढली.

मास्तर खाटेवर उशीला टेकून होते. पार वाळले होते. सर डावीकडे बसले आणि वाजवायला लागले. खरंच चाल नव्हती. तुकाराम खाली चालत होता, मध्ये दमत होता, ढोल हळू होता, हिंदुराव अधूनमधून येऊन जात होता, आणि वर मोकळं. कुणीतरी यायचं राहिलंय असं मलासुद्धा वाटलं, आणि मला कशातलं काही कळत नाही.

मास्तर चिडले. "आरं चाल कुठं हाय? चाल?" सर थांबले नाहीत. वरात चढाला लागली. मास्तरांनी खाटेला टेकवलेली काठी ओढून घेतली. मला वाटलं आता मारतात. पण त्यांनी ती तोंडाशी तिरपी धरली, दोन्ही हातांची बोटं तिच्यावर ठेवली आणि त्या बोळक्या तोंडातून चाल म्हणायला लागले. आवाज कसला, नुसती हवा. पण बोटं काठीवर नेमकी पडत होती, उठत होती, आणि सर खालून त्यांना सांभाळत, त्यांचा श्वास संपला की सगळा बँड थांबवत, श्वास आला की पुन्हा निघत, चढ चढत होते. शोभाताईनं आत मिक्सर बंद केला आणि दारात येऊन उभी राहिली. "बाबा, डाक्टरनं सांगितलंय," असं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. चावडीचं वळण गेलं. नवऱ्याची गल्ली आली, तो एक कॉर्ड आला, आणि तिथं मास्तरांची चाल तुटली. खोकला, धाप, डोळ्यांत पाणी. काठी मांडीवर पडली.

सरांनी वरात दारापर्यंत नेली आणि हात तारांवर ठेवले. दोन वर्षं ज्या वाक्याची ते वाट बघत होते ते आता येईल, असं मला वाटलं.

मास्तरांनी तोंड पुसलं. सरांकडे असं बघितलं जसं बँडमधल्या पोराकडे बघत असतील.

"गल्लीत वळताना मी मागं पडलो," ते म्हणाले. "तू थांबाय पायजे होतं माझ्यासाठी. परत घे."

"व्हय मास्तर," सर म्हणाले, आणि त्यांचा तो बांधावरून जाणारा आवाज पार बसला होता. मिशांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी ते पुसलं नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

मला घरी पाहुणे यायचे होते. मी हळूच, निघू का, असं विचारलं, तर सरांनी मागं न वळता, तुम्ही जावा, अशी मान हलवली. खिडकीतून मला त्यांची रुंद पाठ दिसत होती आणि पलीकडे पुन्हा तोंडाशी गेलेली ती काठी. आत तुकारामानं चालायला सुरुवात केली होती. मी किल्ली लावली, पण गाडी सुरू केली नाही. स्टँड काढला आणि ढकलत ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली, आणि तिथं गेल्यावर सुरू केली.